आकाशओळख, मुलांची (मराठवाडा)

मुलांना ग्रह, तारे, नक्षत्रे, चंद्रकला व ग्रहणे यांची पहिली ओळख करून देण्याची रीत. मराठवाड्यात ती दोन वाटांनी होते : घरी पंचांग व पेरणीच्या बोलण्यातून, शाळेत भूगोल-विज्ञानाच्या पाठांतून. या दोन वाटा क्वचितच एकमेकींना मिळतात.

मृग, आर्द्रा, हत्ती (हस्त) ही नावे मूल शाळेत जाण्याआधीच ऐकते. यंदा मृगाचे वाहन बेडूक की गाढव, यावर घरात चर्चाही होते. मात्र शेतकऱ्याचे नक्षत्र हे सूर्यनक्षत्र असते. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो आणि तेवढा काळ त्या नक्षत्राचे तारे त्याच्याच उजेडात बुडालेले असतात. म्हणून ७-८ जूनला ‘मृग निघाला’ म्हणतात तेव्हा आकाशात मृग दिसत नाही. तो संध्याकाळी पाहायचा तर जानेवारी-फेब्रुवारी गाठावी लागते. पंचांगात रोज दिलेले नक्षत्र चंद्राचे असते, ते निराळेच. हा भेद न सांगता पावसाळ्यात मृग शोधायला लावले, तर मुलाला पंचांग खोटे वाटते किंवा पुस्तक. मृगाच्या पट्ट्यातील तीन ताऱ्यांना तिकांडे आणि सप्तर्षींना बाज किंवा खाटले म्हणतात. खाटल्यामागचे तीन तारे म्हणजे ते पळवणारे चोर. सुरुवातीला ऋषींच्या नावांपेक्षा हीच नावे अधिक उपयोगी पडतात.

प्रादेशिक परंपरा सांगताना गणिती व ज्योतिषी भास्कराचार्यांचे (जन्म शके १०३६, इ. स. १११४) नाव हटकून येते आणि ते बीडचे होते असे मुलांना सांगितले जाते. सिद्धांतशिरोमणी या ग्रंथात (इ. स. ११५०) त्यांनी आपले गाव ‘विज्जडविड’ असे दिले असून ते सह्याद्रीच्या आश्रयाचे असल्याचे म्हटले आहे. बीडचा पक्ष मुख्यतः नावाच्या शेवटच्या भागावर आणि बालाघाट ही सह्याद्रीची शाखा असण्यावर उभा आहे. लीलावती या त्यांच्या गणितग्रंथाचा फारसी अनुवाद (१५८७) करणाऱ्या, अकबराच्या दरबारातील कवी फैजीने बीदर म्हटले आहे. विजापूरचेही नाव घेतले जाते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील, इ. स. १२०७ च्या सुमाराचा व भाऊ दाजींनी उजेडात आणलेला शिलालेख मात्र भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्याशी संबंधित असून त्यात भास्करीय ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार शं. बा. दीक्षित यांचा कल याच परिसराकडे होता आणि लेखाचा पुरावा नामसाम्याहून वजनदार मानावा लागतो. बीडचा दावा त्यामुळे फेटाळला जातो असे नाही, पण मुलांपुढे तो निर्णय म्हणून ठेवू नये. मराठवाड्याशी अधिक सरळ संबंध सिद्धांतसुंदर हा ज्योतिषग्रंथ लिहिणाऱ्या ज्ञानराजांचा (सु. १५०३) दिसतो, त्यांचे पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातील पाथरी, असे सामान्यतः मानतात.

निजामी राजवटीत संस्थानाची वेधशाळा हैदराबादेत (१९०१) होती. तिचे मुख्य काम ताऱ्यांच्या छायाचित्रीय सूचीचे. आज छत्रपती संभाजीनगर येथे एमजीएम (महात्मा गांधी मिशन) या शिक्षणसंस्थेचे अंतराळ विज्ञान केंद्र आहे. उल्कापाती विवर म्हणून सहली लोणारला जातात, ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात मोडते.

साधनांशिवाय करण्याजोगी निरीक्षणे बरीच आहेत. ध्रुव क्षितिजापासून जवळपास स्थानाच्या अक्षांशाइतका वर दिसतो. नांदेडला १९ अंश, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठी. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास अगस्तीचा ताराही दक्षिणेला जवळजवळ तेवढाच वर असतो. शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो) लातूरला १३ मेच्या आणि छत्रपती संभाजीनगरला २० मेच्या आसपास येतो. दुपारी बारा वीस ते साडेबाराच्या दरम्यान सपाट ओट्यावर उभा ठेवलेला स्टीलचा डबा पाहावा : बाजूची सावली आक्रसत त्याच्या बुडाखाली जाते आणि काही मिनिटांत दुसऱ्या बाजूने डोकावते. अडचण अशी की तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि हाच योग जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा येतो तेव्हा बहुधा ढग असतात.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया प्रकल्पास एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. अंदाजित खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. वेधशाळा म्हटली की मुले दुर्बीण धरून चालतात. येथे ती नसून, काटकोनात असलेल्या प्रत्येकी ४ किमी लांबीच्या दोन भुजांतून लेझर किरण फिरवून गुरुत्वीय लहरींमुळे (अवकाशातील प्रचंड घडामोडींतून उठणाऱ्या, अवकाशच किंचित ताणणाऱ्या-आकसणाऱ्या लाटांमुळे) भुजांच्या लांबीत पडणारा अतिसूक्ष्म फरक मोजायचा आहे.