सही साहेबांचीच लागते: व्हॅल्युएशन फर्म एका माणसाभोवती का फिरते, त्याची पार्श्वभूमी

आपल्याकडच्या प्रॉपर्टी व्हॅल्युएशन फर्मची, म्हणजे घर-जमिनीची किंमत काढून देणाऱ्या ऑफिसची, स्ट्रॅटेजी काय असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी खरं उत्तर एकच, साहेबांचा स्वभाव. साहेब धडाडीचे असतील तर मिळेल त्या बँकेच्या पॅनलवर (बँकेनं नेमलेल्या व्हॅल्युअरच्या यादीत), सावध असतील तर दोनच बँका आणि बाकी कोर्टाची कामं, भिडस्त असतील तर विचारूच नका, कारण समोरचा "आकडा जरा बसवून द्या" म्हणाला की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. मॅनेजमेंटवाल्यांकडे याची थिअरीसुद्धा आहे, १९८४ मध्ये हॅम्ब्रिक आणि मेसन या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी मांडलं की कंपनीच्या निर्णयांत वर बसलेल्या लोकांची मूल्यं आणि अनुभव उमटतात. पण त्यांच्या डोळ्यासमोर वरची आख्खी टीम होती. इथे टीम कसली, एकच माणूस, आणि तो एकटा का हे कायद्याच्या इतिहासात सापडतं.

१९५३ ला इस्टेट ड्युटी (माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा कर) आली, १९५७ ला वेल्थ टॅक्स (संपत्तीवरचा कर), १९५८ ला गिफ्ट टॅक्स, आणि तिन्हींना एकच प्रश्न पडायचा की घर-जमिनीची किंमत धरायची किती. मालक कमी सांगणार, आयकर खातं जास्त धरणार, भांडण ठरलेलं. त्यात काळा पैसा प्रॉपर्टीत मुरतोय ही ओरड होतीच, त्यावर वांच्छू समितीचा रिपोर्ट १९७१ च्या शेवटी आला आणि पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन १५ नोव्हेंबर १९७२ पासून वेल्थ टॅक्स कायद्यात रजिस्टर्ड व्हॅल्युअर नावाचा माणूस जन्माला आला, कलम ३४एबी. आजही जुन्या लेटरहेडवर हे कलम ठळक छापलेलं असतं ते यामुळे.

माणूस हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पात्रता काय, तर सिव्हिल किंवा आर्किटेक्चरसारखी डिग्री आणि दहा वर्षांचा अनुभव, आता डिग्री आणि अनुभव माणसाकडे असतो, फर्मकडे नसतो. रजिस्ट्रेशन त्याचं, फॉर्म ओ-१ वर, म्हणजे किमतीच्या रिपोर्टच्या ठरलेल्या फॉर्मवर, सही त्याची, शिक्का त्याचा, उद्या नोटीस आली तर तीही त्याच्याच नावावर. फीसुद्धा नियमातच बांधलेली, किमतीच्या टक्केवारीत स्लॅबनं, म्हणजे आकडा मोठा तर फी मोठी (यात कुणाला काही खटकलं नाही हेच मला नवल वाटतं). मग फर्म वाढवायची कशाला, ज्युनिअर साइटवर जाऊन मोजमाप आणतो, साहेब रेट लावतात, काम संपलं. साहेबांनी रेट कसा लावला हे कागदावर फारसं उतरायचंच नाही, ते त्यांच्या डोक्यात.

वर १ एप्रिल १९८९ पासून वेल्थ टॅक्ससाठी शेड्यूल ३ (कायद्याला जोडलेली किंमत काढायची पद्धत) आलं, त्यात फ्रीहोल्ड, म्हणजे मालकीच्या जमिनीवरच्या, इमारतीचं निव्वळ भाडं गुणिले साडेबारा असा सरळ हिशोब, मुंबईतल्या जुन्या भाडेकरूंच्या इमारतींचा आकडा त्यात बाजारभावाच्या कुठल्या कुठे खाली यायचा. म्हणजे तिथे तर डोकंही फार लागत नव्हतं. डोकं लागायचं ते कॅपिटल गेनला, म्हणजे प्रॉपर्टी विकून झालेल्या नफ्यावरच्या कराला, जुन्या प्रॉपर्टीचा नफा १ एप्रिल १९८१ च्या किमतीवरून धरता यायचा, ती किंमत काढून द्या म्हणून लोक यायचे, आणि जुने व्यवहार ज्याच्या कपाटात त्याचं ऑफिस चालायचं. (२०१७ च्या बजेटनं ते वर्ष २००१ केलं आणि बऱ्याच कपाटांची किंमत एका झटक्यात उतरली.)

ब्रिटनमध्येही सुरुवात व्यक्तींच्या नावांनीच झाली होती. पण तिथे १८६८ ला लंडनमध्ये सर्व्हेअर लोकांची संस्था उभी राहिली, १८८१ ला तिला रॉयल चार्टर मिळाला, आणि फर्म पार्टनरशिपमधून पिढ्यानपिढ्या चालल्या, ड्रायव्हर्स जोनास १७२५ पासूनची फर्म थेट २०१० ला डेलॉइट या बड्या सल्लागार कंपनीत गेली. संस्थापक गेला म्हणून पाटी उतरली नाही. आपल्याकडे इन्स्टिट्यूशन ऑफ व्हॅल्युअर्स १९६८ ची, पण नोंदणीची चावी आयकर खात्याकडे राहिली.

आपल्याकडे खरा धक्का दिला तो बँकांनी. होमलोन वाढली, २००२ ला सरफेसी (थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण मालमत्ता जप्त करू देणारा कायदा) आला, त्यात जप्त मालमत्ता विकण्याआधी मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून किंमत काढणं बंधनकारक झालं, आणि कामाचा ओघ असा की एकट्या साहेबांना झेपेना. त्याआधीच, १९९४ मध्ये, सीबीआरईसारखे परदेशी कन्सल्टंट आले होते, त्यांच्याकडे रिसर्च टीम, फॉरमॅट, रिपोर्टवर दुसऱ्याची तपासणी. जानेवारी २००७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की व्हॅल्युअर नेमायची पॉलिसी बँकेच्या बोर्डानं मंजूर केलेली हवी आणि ५० कोटी किंवा त्यावरच्या प्रॉपर्टीला निदान दोन स्वतंत्र रिपोर्ट घ्या. आता दुसऱ्याचा आकडा शेजारी येऊन बसणार म्हटल्यावर स्वभाव उघडा पडायला लागला, कोण नेहमी चढा जातो, कोण अंग चोरतो ते ब्रँचला कळायला लागलं.

मग वेल्थ टॅक्सच गेला, २०१५ च्या बजेटात. आणि १८ ऑक्टोबर २०१७ ला कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली नवे नियम आले, नोंदणी दिवाळखोरी बोर्डाकडे, ५० तासांचं ट्रेनिंग, परीक्षा. केस पिकलेले व्हॅल्युअर कॉम्प्युटरसमोर बसून एमसीक्यू सोडवायला लागले, त्यावर चिडचिड किती झाली ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. माझ्या मते महत्त्वाचं वेगळंच होतं, या चौकटीत पार्टनरशिप आणि कंपनीलाही रजिस्टर्ड व्हॅल्युअर होता येतं, अट अशी की तीन किंवा सगळे पार्टनर, जो आकडा कमी असेल तितके, स्वतः रजिस्टर्ड हवेत. सक्सेस फी, म्हणजे काम फत्ते झालं तरच मिळणारी फी, घ्यायला बंदी. दिवाळखोरीच्या केसमध्ये साधारणपणे दोन व्हॅल्युअर, दोघांच्या आकड्यात फार फरक पडला तर तिसरा नेमता येतो आणि मग जवळच्या दोन आकड्यांची सरासरी.

तरी चित्र लगेच पालटलं असं नाही. नोंदणी झालेल्या व्यक्ती हजारोंनी आहेत, फर्म आणि कंपन्या त्या मानानं फारच थोड्या. ज्या झाल्या त्यातही बऱ्याच ठिकाणी दुसरा पार्टनर म्हणजे मुलगा, नाहीतर जुना असिस्टंट. आणि बँकेच्या कामाला कित्येक ठिकाणी अजून ३४एबीचं सर्टिफिकेटच मागतात, ते सर्टिफिकेट एकाच नावाचं, त्यामुळे साहेब आठवडाभर गावाला गेले की रिपोर्ट टेबलावर सहीसाठी पडून राहतात आणि ब्रँचमधून फोनवर फोन.