आयसीयूतून जिवंत परतल्यावर : एका हिशेबाची पार्श्वभूमी

१९५२च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओने श्वास अडकलेले रुग्ण रांगेने येत होते. यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी घशाला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायची पद्धत सुरू केली. पिशव्या दाबायला सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने बसले. मृत्यू झपाट्याने घटले आणि पुढच्याच वर्षी आयसीयू उभा राहिला. म्हणजे त्याचा जन्मच विषाणूच्या साथीतला. हिशेब मात्र एवढाच ठेवला जाई : जगला की गेला.

बाकीचं कळायला नव्वदचं दशक संपावं लागलं. टोरंटोत मार्गारेट हेरिज यांनी फुप्फुसं निकामी होऊन (एआरडीएस) वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर पाठपुरावा केला. २००३ साली निष्कर्ष आले. कारणं नाना होती, विषाणूजन्य न्यूमोनिया त्यांपैकी एक. आयसीयूतून निघेपर्यंत वजन सरासरी १८ टक्के उतरलेलं. सहा महिन्यांत फुप्फुसांची क्षमता बरीचशी पूर्ववत झाली, पण वर्षानंतरही सहा मिनिटांत जेमतेम ४२२ मीटर चालणं होई आणि निम्मेच कामावर परतले होते. अडलं होतं स्नायूंपाशी.

मेंदूचं नुकसान त्याहून छुपं. गुंगीच्या औषधांनी शांत पडलेला रुग्ण ‘झोपलाय’ असं वाटतं. प्रत्यक्षात तो डेलिरियममध्ये, म्हणजे भ्रमात असू शकतो. ओळखायची खूण साधी आहे. नर्स एस, ए, व्ही, ई, ए, एच, ए, ए, आर, टी ही अक्षरं सावकाश म्हणते. ‘ए’ आला की रुग्णाने तिचा हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या, तर लक्ष टिकत नाही असं धरून पुढची तपासणी करतात. २०१३च्या अमेरिकन अभ्यासात ८२१ रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना डेलिरियम झाला होता. तो जितका लांबला, तितकी वर्षभरानंतरची विचारशक्ती कमी भरली. तोवर या साऱ्याला ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असं नावही पडलं होतं : अशक्तपणा, विसराळूपणा, घाबरंघुबरं होणं, नैराश्य.

उपायही हाती होते : गुंगी रोज थांबवून रुग्णाला जागं करणं, व्हेंटिलेटरवर असतानाच बसवणं, उभं करणं. २००९मध्ये १०४ रुग्णांवरच्या चाचणीत असे लवकर हलवलेले ५९ टक्के लोक घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकत होते; नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांत ३५ टक्के.

मग कोविड आला आणि घडी विस्कटली. गुंगी जड झाली, फिजिओथेरपी मागे पडली, नातेवाइकांना दार बंद. चौदा देशांतल्या २,०८८ रुग्णांच्या पाहणीत मिडॅझोलामसारखी गुंगीची औषधं शिरेतून सतत (इन्फ्युजनने) चालू असलेल्यांत डेलिरियमचा धोका ५९ टक्क्यांनी जास्त दिसला. घरच्यांची भेट झाली, अगदी व्हिडिओ कॉलवर का होईना, तिथे तो २७ टक्क्यांनी कमी होता.