कारखान्याचं तोंड खाडीकडे

माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रूळ-गावावर, मंगलोरी कौलांचा एक कारखाना आहे, दीड फूट लांब, मागे पुठ्ठ्याच्या नळीचं धुराडं, आणि बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच टाकतो की हे कुठलं स्टेशन म्हणायचं. कुठलंच नाही हो. आपल्या पट्ट्यात असा जुना कारखाना आणि त्याच्या दारापर्यंत गेलेला रूळ हे दोन्ही एका नजरेत दिसणं कठीणच. असं का, ते सांगायला बसलो की दोन-तीन इतिहास एकदम ओढत आणावे लागतात, एक कोकणाचा, एक खेळण्यातल्या गाड्यांचा आणि एक वायरींचा. तेच एकदा लिहून ठेवतो, पुढच्या पाहुण्याच्या हातात हेच द्यायचं.

आधी आपल्याकडचं. बासेल मिशन या युरोपातल्या ख्रिस्ती मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. त्याआधी घरावर कुंभाराची नळीची कौलं असायची, माकडांनी नाचून फोडायची आणि आपण दरवर्षी पावसाच्या तोंडावर परतायची. मंगलोरी कौल सपाट, खाचेत खाच बसणारं, पाठीवर कारखान्याचं नाव छापलेलं. ते इथवर आलं गलबतातून, मचव्यातून, खाडीच्या भरतीबरोबर आत. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली, आणि पूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, म्हणजे मधली जवळजवळ दीडशे वर्षं आपल्या बहुतेक किनाऱ्याला रेल्वे नव्हतीच, आणि ट्रक येईपर्यंत माल दाभोळ, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला असा पाण्यावरूनच हलला. त्यामुळे वखार असो, भाताची गिरण असो नाहीतर बंदरावरचा बर्फाचा कारखाना, तोंड खाडीकडे. मग हायवे झाला, ट्रक आले, तेव्हा मागच्या भिंतीला दार पाडलं आणि मागची बाजू पुढची झाली. रेल्वे आली तेव्हा तिसरीकडे वळायला कुणाला गरजच नव्हती, आणि स्टेशनंही गावापासून लांब, कुठेतरी माळावर. लोटे, खेर्डी, मिरजोळे इथल्या एमआयडीसी ट्रकवरच उभ्या राहिलेल्या. उत्तरेला थळच्या खत कारखान्याकडे पेणहून साइडिंग, म्हणजे मालासाठीचा फाटा, जातं, तसली उदाहरणं आहेत, पण ती नवी आणि अवाढव्य, टेबलावर मावणारी नाहीत.

म्हणजे गंमत बघा, कोकणचा खरा मालवाहतुकीचा सीन करायचा तर ट्रकच गाडीवर चढवावे लागतात! रोरो सेवा १९९९ ला सुरू झाली, कोलाड ते वेर्णा, सपाट वॅगनवर भरलेले ट्रक आणि केबिनमध्ये पाय पसरून बसलेले ड्रायव्हर. मॉडेल करणाऱ्याला याहून चांगली भेट नाही, कारण खेळण्यातले ट्रक कुठल्याही जत्रेत मिळतात. फक्त स्केल, म्हणजे खऱ्याच्या किती पट लहान, ते बघून घ्यावं लागतं, आणि ते कधीच जुळत नाही.

स्केलचं दुखणं तर फारच जुनं. जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत चावीची गाडी, तिचे रूळ आणि ठरलेल्या मापांचे गेज (दोन रुळांमधलं अंतर) असा सगळा संच मांडला. त्याआधी खेळण्यातली गाडी म्हणजे जमिनीवर फिरणारं एक खेळणं, त्यानंतर ती वाढवत न्यायची गोष्ट झाली, आज आगगाडी, पुढच्या नाताळला पूल. माझ्या मते या छंदाचा खरा जन्म तिथेच, गाडीत नाही, पुढच्या वेळी काय घ्यायचं या हावेत. मग इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी, ज्याचं मेकॅनो हे पट्ट्या-स्क्रू जोडायचं खेळणं आधीच गाजलं होतं, तो १९२० ला चावीच्या गाड्या घेऊन आला. घरं लहान, तेव्हाचं ओ गेज हे माप मोठं पडायला लागलं, म्हणून त्याचं अर्धं केलं आणि एचओ झालं, १:८७ म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. इंग्रजांची इंजिनं मुळातच अंगाने बारीक, तेव्हाची मोटर त्यात मावेना, तर त्यांनी डबा मोठा केला १:७६ आणि रूळ ठेवले तेच, म्हणजे अंगरखा मोठ्या भावाचा आणि चपला धाकट्याच्या. त्याला ओओ म्हणतात आणि आजही ते तसंच चालू आहे.

आता यात आपण कुठे? भारतातलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, जगात बऱ्याच ठिकाणी चालतं ते स्टँडर्ड १४३५. १:८७ मध्ये आपले रूळ १९ मिलिमीटरच्या थोडे वर पाहिजेत, ओओ मध्ये तर २२, आणि दुकानात मिळतात १६.५. म्हणजे विकतच्या रुळांवर भारतीय डबा ठेवला की तो सगळ्यांपेक्षा जास्त तोल गेल्यासारखा दिसतो, समोरून बघितलं तर नक्कीच. काही जण हट्टाने स्वतः रूळ घालतात, एकेक स्लीपर कापून, त्यांना माझा साष्टांग. मी बाजूनेच बघतो.

मापांवरून आठवलं. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर, १:८७ मध्ये ७५ मीटर, म्हणजे आमच्या अंगणातून निघून थेट शेजारच्यांच्या गोठ्यात. पानवल नदीचा पूल ६४ मीटर उंच, तो मात्र ७४ सेंटिमीटरमध्ये बसतो, अडीच फूटही नाही. मी अजून केलेला नाही, पण आकडा रोज मनात घोळतो.

इमारतींकडे येऊ. आज लोकांना वाटतं की स्क्रॅच बिल्ड, म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने बनवणं, ही फार पुढची पायरी, आधी विकतचं तयार भागांचं किट जोडा, हात बसला की मग स्वतःचं बांधा. इतिहास याच्या बरोबर उलटा आहे. सुरुवातीला गाडी विकत मिळायची पण तिच्या भोवतीचं गाव आपलं आपणच करायचं, पुठ्ठा, जिलेटिन, जुनी पाकिटं यातून. इंग्लंडात जॉन अहर्न नावाचा माणूस १९३० च्या दशकाच्या शेवटी मॅडर व्हॅली नावाची काल्पनिक लाइन करायला बसला आणि गाडीपेक्षा गावच जास्त बांधून बसला, घरं, बंदर, कारखाने, बहुतेक पुठ्ठ्यातून. ऑस्ट्रेलियात जन्मलेला रॉय इंग्लंड (आडनावच इंग्लंड, काय करणार) १९२५ ला तिकडे गेला, जुनी गवती छपराची घरं मोडताना बघून त्यांची मॉडेल करत सुटला आणि त्यातून पेंडन म्युझियम उभं राहिलं, अहर्नची लाइनही आता तिथेच ठेवलेली आहे. तेव्हा काही मिळतच नव्हतं म्हणून सगळे स्क्रॅच बिल्डर. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकची किटं आली, फालरसारख्या जर्मन कंपन्यांची, आणि एकच ब्रुअरी हजारो टेबलांवर दिसायला लागली.

त्या किटांबद्दल मला राग नाही, सुंदर असतात, पण त्यांची छपरं बर्फासाठी केलेली. आपलं छप्पर पावसासाठी, वळचण खाली उतरलेली, पुढे पडवी, पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात झापं बांधलेली. जांभ्या दगडाची भिंत कुठल्याही किटात नाही. आमच्या गडग्याचा चिरा मोजून बघितला तर सव्वा फुटाच्या आसपास, म्हणजे १:८७ मध्ये चार-साडेचार मिलिमीटर, आणि त्याला ती भोकं भोकं पाहिजेत. मी माउंट बोर्डवर फेविकॉल पसरून वर चाळलेला जांभ्याचाच चुरा टाकतो आणि सुकल्यावर पट्टीने दरजा ओढतो. खरं सामान वापरून खोटी वस्तू. कौलांसाठी कार्डशीटच्या पट्ट्या, प्रत्येकीला कात्रीने छोटे छोटे छेद, खालून वर एकावर एक चढवत न्यायच्या, दीड फुटाच्या छपराला मला गणपती ते दिवाळी एवढा वेळ लागला. पत्र्याची शेड करायची तर डब्यात पोळ्या गुंडाळायची फॉइल घ्या आणि आटे पाडलेल्या रॉडवर दाबा, दोन मिनिटांत पन्हाळीचा पत्रा.

खरं म्हणजे हे हात आपल्याकडे आधीपासून आहेतच की. दिवाळीत किल्ला करतो, अळीव पेरून शेत उगवतो. गणपतीचं मखर आणि हलते देखावे, त्यात पाणी ओढणारी बाई, फिरणारं चक्र, मागे लपवलेली मोटर, हे तर लेआउटच झालं, फक्त रूळ नाहीत. २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्या इथल्या स्टेशनरीवाल्याकडे सनबोर्ड (फोमची कडक शीट) आणि जाड पुठ्ठा ठेवायला सुरुवात झाली, माझ्या कारखान्याच्या भिंती त्याच सनबोर्डच्या. आवारातली लाकडी पिंपं आणि पाण्याची टाकी मी सावंतवाडीला चितारआळीत सांगून कातून घेतली, त्यांना वाटलं भातुकलीची ऑर्डर आहे, वर लाल रंग लावू का म्हणून विचारत होते.

वायरिंग हा या छंदाचा न दिसणारा अर्धा भाग आणि त्याचा इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. हॉर्नबीची पहिली विजेची गाडी १९२५ ची, ती चक्क घरातल्या मेन लाइनवर चालायची, मध्ये फक्त एक दिवा रेझिस्टन्स म्हणून! पोरं जमिनीवर बसून हे खेळायची. लवकरच शहाणपण आलं आणि कमी व्होल्टच्या गाड्या आल्या. पुढे बराच काळ तीन रुळांची पद्धत चालली, मधला एक रूळ करंटचा, बाहेरचे दोन दुसऱ्या बाजूचे. दिसायला वाईट पण अक्कल मोठी, कारण गाडी गोल फिरून उलटी परत आली तरी बाहेरचे दोन्ही रूळ एकाच बाजूचे, म्हणून शॉर्ट व्हायचा प्रश्नच नाही. दोन रुळांची पद्धत खऱ्यासारखी दिसते, हॉर्नबी डब्लो या हॉर्नबीच्याच लहान मापाच्या गाड्यांनी ती १९५९ ला घेतली, पण तिथे लूप टाकला की डावा रूळ फिरून उजव्याला भेटतो आणि झालं.

हे सगळं वाचलेलं असूनही मी तेच केलं. काका बोटीवर होते, त्यांनी आणलेला एक इटालियन सेट माळ्यावर पडलेला, गाडी उलटी वळावी म्हणून मी रुळांचा फुग्यासारखा लूप केला आणि बाईकच्या जुन्या बॅटरीवरून १२ व्होल्ट दिले. बॅटरीला काय, ती हात आखडत नाही. वायर लाल झाली, प्लास्टिकचा वास सुटला आणि आई देवघरातून ओरडली की काय जळतंय. त्या दिवशी मला लूपच्या दोन्ही टोकांना रुळांत गॅप आणि मध्ये उलटसुलट करणारं बटण कशाला लागतं ते कळलं, कुठल्याही आकृतीने कळलं नव्हतं.

डीसीच्या, म्हणजे रुळांतून सरळ बॅटरीसारखा करंट देण्याच्या, पद्धतीत एका रुळावर एकच हुकूम चालतो, दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही पळणार. म्हणून लेआउटचे तुकडे करायचे, प्रत्येकाला स्वतंत्र स्विच, आणि कुठला तुकडा कुठल्या कंट्रोलरला द्यायचा ते आपण सांभाळायचं. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ पासून एक मॉडेल रेल्वे क्लब होता, त्या पोरांनी टेबलाखाली टेलिफोन एक्स्चेंजचे रिले, म्हणजे विजेनेच चालूबंद होणारे स्विच, लावून हे काम आपोआप करायची यंत्रणा उभी केली, आणि आज आपण हॅक, हॅकर म्हणतो त्या शब्दाला संगणकाच्या जगात नेण्यात याच मंडळींचा हात आहे. वरती डोंगर, झाडं रंगवणारे वेगळे आणि खाली पाठीवर पडून वायरी जोडणारे वेगळे. सगळीकडे हे दोन पक्ष असतातच.

मग जर्मनीच्या लेन्झ कंपनीने डिजिटल पद्धत काढली, अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने १९९० च्या दशकात तिलाच स्टँडर्ड मानलं, डीसीसी. रुळांत करंट कायम असतो, त्यातूनच सिग्नल जातो आणि इंजिनातला डिकोडर फक्त स्वतःच्या नंबरचा हुकूम ऐकतो. लोक म्हणतात आता दोनच वायरी पुरतात. पुरतात कुठच्या, दोन जाड वायरी टेबलाखालून आणि त्यांना दर दोन-तीन फुटांवर रुळांकडे जाणाऱ्या बारीक वायरी, प्रत्येकीला डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचं, कारण रुळांच्या जोडपट्टीवर विश्वास ठेवायची सोय समुद्रकाठी नाही. खारी हवा. तांब्यावर हिरवट चढतं, लोखंडी रूळ एका पावसात तपकिरी, म्हणून निकेल सिल्व्हरचेच घ्यावेत, महाग असले तरी. डाग देताना पेस्ट जास्त झाली आणि पुसली नाही तर पुढच्या श्रावणात तिथेच वायर कुजलेली सापडते. मला हे शिकवलं आमच्या वाडीतल्या गणपतीचं लायटिंग करणाऱ्याने, त्याने आयुष्यात मॉडेल रेल्वे बघितलेली नव्हती.

महाग शब्द आलाच आहे तर, परदेशी खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० ला २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ ला ७०. स्केल मॉडेलंही त्याच खात्यात. पूर्वी बोटीवरचे काका आणि गल्फमधले मामा हाच आपला पुरवठा होता, आता फिरून थोडं तिथेच आलो. पुण्यात कोथरूडला जोश्यांचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, ते लोकांना खुलं झालं १९९८ लाच, कोकण रेल्वेच्या वर्षी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं लक्ष गाड्यांपेक्षा कडेच्या घरांकडेच जास्त.

तर कारखान्याचं साइडिंग. दोन वर्षं मी ते कुठून आणायचं यावर घोळ घातला, शेवटी काढूनच टाकलं. आता कारखान्यासमोर रेझिनची खाडी आहे, ओहोटीची, चिखल दिसतोय, धक्क्याला एक मचवा टेकलेला आणि त्यातून कौलं उतरतायत. गाडी मागून जाते, वर, कटिंगमधून, रोरोचे सात ट्रक घेऊन, आणि कारखान्याशी तिचा काहीएक संबंध नाही. शेजारचे तात्या परवा येऊन म्हणाले, काय रे, अजून गणपतीचं डेकोरेशन उतरवलं नाहीस? मग चष्मा वर करून वाकले, बराच वेळ धक्क्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, मचव्याची डोलकाठी पुढे झुकलेली असते, तुझी सरळ आहे.

उद्या ती काढून परत लावायची आहे.