दगड बद्द का वाजतो?

दगड घडवायला घेण्याआधी पाथरवट त्यावर हातोडी मारून कान देतो. खणखणीत वाजला तर ठेवतो, बद्द वाजला तर बाजूला. प्रयोगशाळेत हेच काम घड्याळ लावून होतं: आवाजाची लाट दगडातून किती वेळात पार होते ते मोजतात.

दगड जितका जड तितकी त्यातली लाट वेगवान, हा समज अर्धाच खरा. वेगाच्या सूत्रात घनता छेदात असते. नुसती ती वाढली तर वेग घटेल. आपल्या काळ्या फत्तरात पी-लाट, म्हणजे दगड दाबत-सैलावत जाणारी लाट, सेकंदाला साडेपाच-सहा किलोमीटर धावते ती त्याच्या ताठपणामुळे. आणि ताठपणाला खरा सुरुंग लावतात भेगा; दगड बद्द वाजतो तो त्यांच्यामुळेच.

विहीर खणताना लागणारा मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा फत्तर घ्या. त्यातली गोल भोकं कमानीसारखी असतात, दाब कडेनं वळून जातो. एक टक्का गोल पोकळीनं वेग जेमतेम एखादा टक्का पडतो. पण भेग लांबी-रुंदीच्या मानानं हजारपट पातळ असली, तर अशा कोरड्या भेगांची पोकळी एका टक्क्याच्या दहाव्या हिश्शाएवढी असूनही वेग पाचव्या हिश्शानं खाली आणते. कारण चपटी भेग दाबली की लगेच मिटायला लागते, म्हणजे तो भाग मऊच. तीत पाणी भरलं की मिटणं अवघड. पी-लाट वेग घेते, एस-लाट, म्हणजे दगड आडवा हलवत जाणारी लाट, जवळपास आधीच्याच वेगावर राहते, कारण पाण्याला आकार टिकवायचा ताठपणा नाही.

मोजणीसाठी १० सेंटिमीटर लांबीचा गाभा, म्हणजे दगडातून कापून काढलेला दंडगोल घ्या, दोन्ही तोंडं समांतर घासा, पातळ ग्रीस लावून लाट सोडणारा आणि टिपणारा असे दोन संवेदक दाबून धरा. साडेपाच किलोमीटर वेगाला लाट सुमारे १८ मायक्रोसेकंदांत पार होते. लाटेची वारंवारता ५४ किलोहर्ट्झ ठेवली तर तरंगलांबीच १० सेंटिमीटर, म्हणजे नमुन्याएवढी. ५०० किलोहर्ट्झला ती १.१ सेंटिमीटर, म्हणजे नमुन्यापेक्षा बरीच आखूड होते, ते बरं. मात्र ग्रीस नीट बसलं नाही तर पहिली क्षीण हालचाल निसटते आणि पुढचं शिखर पकडलं जातं. एका आवर्तनाची चूक २ मायक्रोसेकंदांची, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. संवेदक एकमेकांना भिडवून यंत्राचा स्वतःचा विलंब आधी वजा करायचा, हेही राहून जातं. नमुना घाईनं तापवून वाळवला तर नव्या भेगा पडतात.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर अभ्यासात असलेल्या कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विंधनछिद्र घेतलं आहे. इतक्या खोलातला गाभा वर येताना दाब सुटतो आणि त्याच्या मिटलेल्या भेगा उघडतात. टेबलावर तो मोजला की वेग खालच्यापेक्षा कमीच भरतो. म्हणून असा नमुना दाबपात्रात, खालचा दाब देऊन मोजावा लागतो.