ॲस्बेस्टॉसचे बळी: आकड्यांमागचा इतिहास

ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात वर्षानुवर्षं राबलेल्यांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो, हे ब्रिटनमधल्या एका पाहणीने १९५५ मध्ये दाखवलं. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातल्या मेसोथेलिओमाच्या, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होणाऱ्या कर्करोगाच्या, ३३ रुग्णांची माहिती छापून आली. त्यांतले बरेच जण खाणकामगार नव्हतेच. खाणींच्या आसपास राहिले होते, एवढाच त्यांचा संबंध.

खरा घोळ पुढे मोजणीत झाला. मेसोथेलिओमाला रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतःचा संकेतांक मिळाला तो दहाव्या आवृत्तीत, आणि ती वापरात आली १९९० च्या दशकात. तोवर हे मृत्यू फुप्फुसावरणाच्या, पोटाच्या आवरणाच्या, कधी थेट फुप्फुसाच्या कर्करोगात जमा होत. डॉक्टरने दाखल्यावर काय लिहिलं, यावर सगळं अवलंबून. त्यामुळे ज्या देशाने नीट नोंदी ठेवल्या, तोच जास्त आजारी दिसतो. ॲस्बेस्टॉस भरपूर वापरूनही ज्यांच्या आकडेवारीत हा रोग जवळजवळ नाही, तिथे तो होत नाही असं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं.

फुप्फुसाच्या कर्करोगाचं तर आणखी अवघड. मेसोथेलिओमा दिसला की संशय आधी ॲस्बेस्टॉसवरच जातो. फुप्फुसाच्या गाठीवर तशी खूण नसते. माणूस विडी-सिगारेट ओढणारा असला की कारण तिथेच संपतं. वास्तविक दोन्ही एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेहून जास्त वाढतो.

व्यवसायांचं चित्रही बदलत गेलं. आधी गोदी कामगार आणि वाफेच्या नळांना वेष्टण घालणारे, मग सुतार, प्लंबर, वायरमन. सुताराने ॲस्बेस्टॉसचा तक्ता करवतीने कापला की पांढरी भुकटी बाह्यांवर बसायची. घरी ते कपडे झटकून धुणाऱ्या बायकाही पुढे मेसोथेलिओमाने गेल्या. रोग दिसायला बहुधा तीस-चाळीस वर्षं लागतात. तोवर सुतारकाम सुटून पहारेकऱ्याची नोकरी लागलेली असली, तर दाखल्यावर ‘पहारेकरी’ एवढंच उरतं.

ब्रिटनमध्ये १९६८ साली मेसोथेलिओमाचे १५३ मृत्यू नोंदले गेले. निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये बंदी आली, पांढऱ्यावर १९९९ मध्ये. तरीही २०१० च्या दशकात दरवर्षी सुमारे २,५०० माणसं जात होती, ती बंदीच्या कितीतरी आधी श्वासात गेलेल्या धुळीने.