वडधामन्याची अंगणवाडी: पडद्यामागची पन्नास वर्षं

जुलै २०२५ मध्ये नागपूरजवळच्या वडधामना गावातली अंगणवाडी देशातली पहिली 'एआय अंगणवाडी' म्हणून बातम्यांत झळकली. नागपूर जिल्हा परिषदेच्या 'मिशन बालभरारी'तला हा उपक्रम. उद्घाटन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. स्मार्ट बोर्ड, टॅब, डोळ्यांवर चढवायचे, आभासी जग दाखवणारे व्हीआर चष्मे, आणि समोर तीन ते सहा वर्षांची लेकरं. शहरातल्या महागड्या नर्सरीत जे मिळतं ते गावातल्या मुलाला का मिळू नये, हा विचार मला मनापासून पटतो. पण या चष्म्यापर्यंतची वाट मागे जाऊन पाहिली, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यंत्र आधी येतं. मुलाच्या शेजारी कोण बसणार, हे मागाहून सुचतं.

ही वाट १९७५ पासून सुरू होते. त्या वर्षी १ ऑगस्टला इस्रोने उपग्रहावरून टीव्ही दाखवून शिकवायचा 'साइट' हा प्रयोग सुरू केला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर वापरायला मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोचला. सकाळचे कार्यक्रम खास शाळकरी मुलांसाठी असत. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. दोनच महिन्यांनी, २ ऑक्टोबरला, एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी सरकारी झाली. शिकवणारा पडदा आणि सरकारी अंगणवाडी, दोघांची सुरुवात एकाच वर्षातली.

अंगणवाडीची कल्पना मात्र त्याहून जुनी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला काम उभं राहिलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साधनं कुठली? शिंपले, बिया, पानं, खडे. ताई शिंपला हातात द्यायची, मूल काहीतरी बोलायचं, ताई त्यावर बोलायची. शिक्षण त्या बोलण्यात होतं.

नागपूरच्या मुलांना बटण दाबून शिकायची गोडी लावली ती गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्राने, १९९२ मध्ये. संग्रहालय म्हणजे 'हात लावू नका', हे तिथे उलटं झालं. मागे एका रविवारी तिथे एक पाच-सहा वर्षांचा मुलगा पाहिला. बटण दाबायचा आणि काही हलायच्या आत पुढच्या बटणाकडे पळायचा. चार प्रयोग असेच गेले. पाचव्याला आजीने मनगट धरलं, "थांब नं बाबू, पाह्य तं काय होते!" दोघं थांबली. चाक फिरलं. मग त्याने तेच बटण पुन्हा दाबलं, आणि आजीकडे पाहिलं.

मधली वर्षं थोडक्यात. १९८४ मध्ये शाळांत संगणक शिकवायच्या 'क्लास' या सरकारी योजनेतून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. १९९९ मध्ये संशोधक सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला वस्तीतल्या मुलांसाठी भिंतीत संगणक बसवला. मुलं आपली आपण शिकतात, ही कल्पना सगळ्यांना भुरळ घालून गेली. पुढे गावकऱ्यांच्या वर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' झाल्या, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले.

मग मार्च २०२०. शाळा बंद, घरात फोन एक, मुलं दोन-तीन, आणि फोन बाबांसोबत कामावर. वर्ग उघडले, पण हातात आलेला फोन काही सुटला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले: फोन अडकायचा आणि मुलांच्या पोषणाच्या नोंदी ठेवायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. यंत्राबद्दल सेविकेला आधी विचारलं असतं, तर ही वेळ आली नसती.

संशोधन काय सांगतं? बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर माणूस बसून बोलला, तेव्हा बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तोच माणूस टीव्हीवर दाखवला, तर नाही. २०१४ च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकली, आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवरून मात्र शिकली नाहीत. म्हणजे पडदा दोन्हीकडे होता, फरक पडला तो समोरून मिळणाऱ्या उत्तराचा. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून यंत्रही समोरून उत्तर देऊ लागलं आहे, म्हणून हा प्रश्न आता आणखी नाजूक झाला.

नियमही हळूहळू येत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास ठरवली, कमी तितकं बरं असंही सांगितलं. मेटा कंपनी स्वतःच्या व्हीआर उपकरणासाठी किमान वय १० सांगते. २०२३ पर्यंत ते १३ होतं. अंगणवाडीतलं मूल सहाच्या आतलं आहे.

सेविकेच्या अंगावर आहार, वजन-उंची, गृहभेटी, ॲपमधल्या नोंदी आहेतच. चष्मा घातलेल्या मुलाला तिचा चेहरा दिसत नाही. तो काढल्यावर, "काय पाह्यलं रे आत?" असं प्रत्येकाला विचारून ऐकून घेण्याइतका वेळ तिच्या वेळापत्रकात लिहून द्यावा, चष्म्यांची पुढची खेप येण्याआधी.