गवा (गोव्यातील)

गवा किंवा गवारेडा (बॉस गॉरस) हा गोव्याचा राज्यप्राणी. गाय, म्हैस आणि कुरंग ज्या बोव्हिडी कुळात येतात, त्याच कुळातला हा जंगली रवंथी. मोठा नर खांद्याशी दोन मीटरपर्यंत उंच भरतो आणि वजनाने १,००० किलोच्या घरात जातो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे.

एवढे धूड नुसत्या गवतावर पोसत नाही. पावसाळ्यात जांभ्याचे सडे (खडकाळ माळ) आणि जुन्या कुमेरीच्या (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीच्या) मोकळ्या जागा हिरव्या होतात, तेव्हा कळप उघड्यावर चरतात. दिवाळीनंतर सडे करपू लागले की कोवळे कोंब, झुडपांचा पाला, बांबूची पाने, गळून पडलेली फळे असे मिळेल ते चालते. मध्य भारतात गवे उन्हाळ्यात सागाची सालही सोलून खातात. क्षारांसाठी ते चाटणाच्या जागी, म्हणजे खारट माती चाटायला मिळते तिथे, येतात. मार्च ते मे हा चाऱ्या-पाण्याच्या सगळ्यांत टंचाईचा काळ, आणि काजूचा हंगाम नेमका तेव्हाच. झाडाखाली पडलेले पिके बोंडू (काजूची फळे) आणि बारमाही ओलाव्याच्या कुळागरांतली (सुपारीच्या मिश्र बागांतली) केळी व पोफळीची रोपे अशा वेळी त्याला ओढून आणतात. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतल्या बागायतदारांचे नुकसान खरे आहे. पण त्यावरून गवे बेसुमार वाढले असे म्हणणे घाईचे. एकाच कळपाच्या खुणा दोन-तीन गावांत सापडू शकतात.

कळपात माद्या, वासरे आणि तरुण नर असतात; वयस्क नर बहुधा एकटे फिरतात. गाभणकाळ सुमारे नऊ महिन्यांचा आणि वासरू सहसा एकच, त्यामुळे घटलेली संख्या सावकाश भरून येते. पूर्ण वाढलेल्या गव्याला पाडतो तो वाघच. बिबट्या आणि कोळसुंदे (रानकुत्रे) यांची नजर वासरांवर. गुरांचे रोग याहून घातक ठरतात. १९६८ मध्ये कर्नाटकातल्या बंडीपूर भागात बुळकांडी या गुरांच्या साथरोगाने गवे मोठ्या संख्येने मेले. तो रोग २०११ मध्ये जगातून संपला. लाळ्या-खुरकूत हा गुरांचा दुसरा रोग मात्र अजून आहे, म्हणून जंगलाकाठच्या गुरांचे लसीकरण गव्यांच्याही हिताचे.

म्हादई, मोले, नेत्रावळी आणि खोतीगाव या अभयारण्यांतले गवे कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्याच्या व काळी व्याघ्र प्रकल्पाच्या, तसेच महाराष्ट्रातल्या तिळारीच्या रानाशी जोडलेले आहेत. फक्त गोव्यापुरती केलेली गणना त्यामुळे अपुरीच. मोलेतून बेळगावकडे जाणारा महामार्ग आणि कुळे-कॅसलरॉक लोहमार्ग हा सलग अधिवास मधोमध छेदतात.